पामेरियनच्या कळांची पहिली खबर थर्मामीटर देतो

घरातल्या लहानशा कुत्रीचे दिवस भरत आले की इमारतीतला प्रत्येक जण तिच्या बाळंतपणातला जाणकार होतो. आमच्या चिंगीच्या वेळीही, ती पामेरियन आणि पहिलटकरीण असल्यामुळे, "पोट खाली आलंय, आज रात्री नक्की" असे भाकीत करणारे शेजारी रोज कोणी ना कोणी भेटत असत. पोट खाली येणे, सड फुगणे, दूध दिसणे ही सारी लक्षणे खरी असली, तरी ती वेळ सांगत नाहीत. दूध काही कुत्र्यांना आठवडाभर आधी येते, तर काहींना पिल्लू बाहेर आल्यावरच येते. एवढेच नव्हे, तर गाभण नसलेल्या कुत्रीलाही माजानंतर सुमारे दोन महिन्यांनी दूध येऊ शकते आणि ती चिंध्या गोळा करून कोपऱ्यात जागा करू लागते. डॉक्टर त्याला खोटी गर्भधारणा म्हणतात. जे लक्षण गर्भ नसतानाही दिसते, त्यावरून प्रसूतीची रात्र ठरवता येणार नाही, हे उघड आहे.

कॅलेंडरही अर्धवटच उपयोगी पडते. बीज सुटल्यापासून मोजले तर कुत्रीचा गर्भकाळ जवळजवळ ठरलेला, म्हणजे ६३ दिवसांच्या आसपास असतो. आपल्याला मात्र ठाऊक असते ती जोडी लावल्याची तारीख, आणि नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहत असल्यामुळे त्या तारखेपासून ५८व्या दिवशी पिल्ले झाली काय किंवा ७०व्या दिवशी झाली काय, दोन्ही स्वाभाविक ठरू शकते. त्यामुळे तारीख फक्त एक काम करते: थर्मामीटर कधी हाती घ्यायचा, हे सांगते.

साधारण ५६व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी, साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून, गुदद्वारातून तापमान घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि शेवटच्या आठवड्यात ते थोडे उतरलेले दिसते. प्रसूतीपूर्वी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण झपाट्याने घटते, आणि त्याबरोबर तापमान ९९ अंशांच्या खाली घसरते. लहान जातींत ही घसरण मोठ्या कुत्र्यांपेक्षा अधिक ठळक असते, त्यामुळे पामेरियन किंवा चिवावा पाळणाऱ्यांना ती पकडणे त्या मानाने सोपे जाते. घसरणीनंतर बहुधा १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. मात्र तापमान काही तासांतच पुन्हा वर चढते. म्हणून दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून ही खूण निसटू शकते, आणि एखादाच कमी आकडा दिसला तर तासा-दोन तासांनी पुन्हा मोजून खात्री करावी लागते.

त्यानंतर सुरू होतो तो टप्पा बाहेरून प्रसूतीसारखा दिसतच नाही. गर्भाशय आकुंचन पावत असते, पण पोटावर काही दिसत नाही. दिसते ती केवळ बेचैनी. चिंगीने उकडलेल्या चिकनकडे ढुंकूनही पाहिले नाही, तिच्यासाठी तयार केलेले खोके सोडून कपाटाखाली गोधडी उकरली, सारखी वळून स्वतःच्या कुशीकडे पाहिले आणि धापा टाकत थरथरत राहिली. एखादी उलटी होणेही या काळात नेहमीचे आहे. उन्हाळ्यात कुत्री एरवीही धापा टाकते, त्यामुळे नुसत्या धापांवरून निष्कर्ष काढू नये. आदल्या दिवशीच्या नोंदीत घसरलेले तापमान असेल, तरच त्या धापांना अर्थ येतो. हा टप्पा सहा ते बारा तास चालतो, आणि पहिलटकरणीत कधी चोवीस तासही लागतात. या काळात तिच्याभोवती जमणारी गर्दी दूर ठेवणे हे माझ्या मते घरच्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबू शकतात.

खरी प्रसूती सुरू झाली हे मात्र चुकवणे कठीण असते. पोटाचे स्नायू आवळलेले स्पष्ट दिसतात, ती कुंथते, शेपटी बाजूला घेते आणि थोड्याच वेळात पाणमोट दिसते किंवा फुटते. इथून पुढे घड्याळ पाहिले पाहिजे. जोरदार कुंथूनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, मंद कळा दोन तास चालू राहूनही काही झाले नाही, किंवा पोटात पिल्ले शिल्लक असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला, तर डॉक्टरांना गाठावे. तापमान घसरून चोवीस तास उलटले आणि कळांचे चिन्हच नाही, हीदेखील वाट पाहण्याची स्थिती नव्हे. पिल्लू मागच्या पायांनी येऊ लागले म्हणून मात्र घाबरू नये. कुत्र्यांमध्ये दहांतली सुमारे चार पिल्ले तशीच जन्मतात.

स्रावाच्या रंगाबद्दल फार गैरसमज आहेत. आधी येणारा पारदर्शक चिकट स्राव चिंतेचा नसतो. गडद हिरवा रंग वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटातून) येतो, म्हणजे वार सुटू लागल्याची ती खूण असते. पहिल्या पिल्लानंतर हिरवा स्राव अपेक्षितच असतो, परंतु एकही पिल्लू झालेले नसताना तो दिसला, तर आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटत असण्याची शक्यता असते आणि ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

लहान जातीत हा सारा हिशेब अधिक कडक असतो. पिल्ले थोडी असली की एकेक मोठे वाढते, डोके गोल असते आणि आईचा कटिभाग अरुंद. त्यामुळे पिल्लू अडकण्याचा धोका मोठ्या कुत्रीपेक्षा जास्त. म्हणूनच ५५व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढून पिल्लांची संख्या जाणून घ्यावी, म्हणजे प्रसूती संपली की रखडली, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. "एक इंजेक्शन दिलं की होईल मोकळी" असे सांगणारे लोक सर्वत्र भेटतात. पण पिल्लू अडकलेले असताना कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन दिले, तर गर्भाशय फाटू शकते. तपासणीशिवाय ते घरी देऊ देणे मला सर्वस्वी चूक वाटते.

कॅल्शियमच्या बाटलीचेही तेच. गाभणपणी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पाजलेल्या कॅल्शियममुळे शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते आणि पुढे दूध पाजताना रक्तातले कॅल्शियम एकदम कोसळण्याचा धोका वाढतो. हा विकार लहान कुत्र्यांतच अधिक दिसतो, बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या महिन्यात, पण क्वचित आधीही. कळांची थरथर आणि कॅल्शियम कोसळल्याची थरथर यांतला फरक पाहून ठेवावा: दुसरीत पाय ताठरतात, चाल अडखळते, आणि घसरण्याऐवजी तापमान चढत जाते. असे दिसल्यास रात्री कितीही वाजले असले, तरी डॉक्टरांना उठवावे, आणि फोनवर तापमानाची वही, कळा सुरू झाल्याची वेळ, स्रावाचा रंग व एक्स-रेतली पिल्लांची संख्या एवढे आधी सांगावे.