तुम्ही विचारलंत म्हणून: दोन दोन औषधं कशाला?

लग्नात पंगतीला बसलं की कुणीतरी विचारतंच. मी कॅन्सरच्या पेशींवर काम करते, प्लेटमध्ये वाढवायच्या, औषध घालायचं, किती मेल्या ते मोजायचं, तर प्रश्न ठरलेला: अगं, एकाच औषधाचा डोस वाढवायचा ना, दोन दोन कशाला?

डोस वाढवून बघितलाय हो लोकांनी. अ‍ॅझासिटिडिन १९६४ ला प्रागमध्ये बनलं, आधी नेहमीच्या केमोसारखं भरपूर द्यायचे आणि पेशंट पार गळून जायचे. मग १९८० मध्ये लॉस एंजेलिसला जोन्स आणि टेलर यांनी दाखवलं की ते डीएनएला चिकटलेलं मिथाइल, म्हणजे जीन बंद ठेवणारी छोटीशी रासायनिक खूण, कमी करतं, आणि त्या कामाला डोस उलट थोडाच पुरतो. कॅन्सरची पेशी कितीतरी वेळा आपल्याला आवरणारी, मर म्हणून सांगणारी जीन खोडत नाही, नुसती बंद करून ठेवते. कड्याही दोन: एक मिथाइल, दुसरी म्हणजे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या ज्या रिळांवर गुंडाळलाय तो तिथे घट्ट आवळून टाकायचा. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी नुसतं रीळ सैल करणारं औषध दिलं तर जीन ढिम्म, आधी थोडं डेसिटाबिन (तेही मिथाइल कमी करणारंच) आणि मग ते दिलं तर जागी! इतका साधा प्रयोग, मला अजून आवडतो.

मग काय, द्या दोन्ही एकत्र. तर अमेरिकेतली एक ट्रायल २०१४ ला छापून आली, त्यात नुसत्या अ‍ॅझासिटिडिनवर पेशंट मीडियन १८ महिने जगले (म्हणजे निम्मे त्याहून जास्त, निम्मे कमी) आणि सोबत एन्टिनोस्टॅट हे रीळ सैल करणारं औषध दिलं तर १३. फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता, पण फायदा तर नाहीच, आणि डीएनएवरचं मिथाइलही जोडीत कमीच काढलं गेलं. कारण बहुतेक असं की अ‍ॅझासिटिडिन डीएनएत शिरतं ते पेशी डीएनएची कॉपी काढत असताना, आणि एन्टिनोस्टॅट पेशीला तिथपर्यंत जाऊच देत नाही, म्हणजे एकानं आतून दार लावलं आणि दुसरं बाहेर उभं.

जमलेली जोडी व्हेनेटोक्लॅक्सची. हे एपिजेनेटिक, म्हणजे अशा बंद जीन उघडणारं, औषध नाही, पेशी ज्याच्या जोरावर मरण टाळत असते ते बीसीएल-२ प्रोटीन ते अडवतं. जड केमो न झेपणाऱ्या, एएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये नुसत्या अ‍ॅझासिटिडिनवर मीडियन आयुष्य ९.६ महिने, जोडीवर १४.७. पंगतीत हे सांगितलं की चेहरे पडतात, पाचच महिने? अहो, त्यातले निम्मे पेशंट ७६ च्या पुढचे होते.

आमच्या वहीत म्हणून औषधाच्या नावाआधी वार लिहिलेला असतो. सोमवारी डेसिटाबिन, गुरुवारी दुसरं, आणि मधे मी प्लेटला कुणाला हात लावू देत नाही.