सावित्रीचा पूल
आज गावी जाताना महाड सोडल्यावर आई सवयीने पर्समध्ये नाणं शोधायला लागली. सावित्री नदी आली ना! जुना दगडी कमानींचा पूल १९२८चा, ब्रिटिशांच्या वेळचा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो कोसळला. दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्यातली एक राजापूर-बोरिवली. त्या रात्री आमच्या अख्ख्या वाडीत फोन वाजत होते.

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ला सुरूही झाला. (हीच घाई आधी केली असती तर?) आता रुंद, गुळगुळीत रस्ता. आई काच खाली करेपर्यंत पूल संपलासुद्धा.

नाणं मुठीतच. म्हणाली, "असू दे, खेडला जगबुडीत टाकते. तिथे जरा हळू घे."