सपाट राहिलेली प्लेट

अमिबावर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तो मेंदू खाणारा का? नाही हो, तो नेग्लेरिया, त्याचा आमच्याशी काही संबंध नाही. आमचा डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम, लॅबमध्ये नुसतं डिक्टी, पालापाचोळ्याखालच्या मातीत बॅक्टेरिया खाऊन राहतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खायला आहे तोवर प्रत्येक पेशी एकटी. खाणं संपलं की हजारो पेशी एका जागी गोळा होतात, ढीग होतो, ढिगाचा सरपटणारा स्लग होतो आणि साधारण 24 तासांत एक बारीक देठ आणि वर बीजाणूंची गोळी. देठात गेलेल्या पेशी, म्हणजे अंदाजे 20 टक्के, मरतात. एवढं बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मला लिहायचंय ते एका म्युटंटबद्दल, म्हणजे एक जीन बिघडलेल्या डिक्टीबद्दल, कारण तो काही डोक्यातून जात नाहीये.

म्युटंट शोधायची पद्धत तशी आंधळीच. जीनोममध्ये कुठेही प्लास्मिड, म्हणजे डीएनएचा एक तुकडा, घुसवायचं, ज्या जीनमध्ये बसेल तो बिघडला. मग त्या पेशी क्लेब्सिएला बॅक्टेरियाच्या थरावर विरळ पसरायच्या. एकेक पेशी वाढत बॅक्टेरिया खात सुटते आणि तिच्याभोवती साफ गोल तयार होतो, तो प्लाक. नॉर्मल प्लाकच्या मधोमध देठ उभे राहतात. हा प्लाक वाढला झकास, पण आत सपाट. दुसऱ्या दिवशीही सपाट.

सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "रिसेप्टर गेला असणार, नाहीतर सायक्लेज. सीक्वेन्सिंगला पाठवून द्या." म्हणजे सिग्नल ऐकणारा भाग बिघडला असणार, नाहीतर तो बनवणारा. हल्ली कुठल्याही प्रश्नाला सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचून घेणं, हेच उत्तर आहे आणि रिपोर्ट येईपर्यंत प्लेटकडे बघायचंच नाही असा जणू नियम. मी बघत बसले. तर जिथे हा प्लाक शेजारच्या नॉर्मल प्लाकला टेकला होता, तिथे काठाला म्युटंटच्या बाजूलाही छोटे छोटे ढीग झाले होते, नॉर्मलवाल्याच्या हद्दीपासून चांगले आत. सर म्हणाले कंटॅमिनेशन. पोस्टडॉकही म्हणाला कंटॅमिनेशन. आमच्याकडे जे आवडत नाही त्याचं नाव कंटॅमिनेशन.

आता थोडं आतलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू सिग्नल म्हणून बाहेर सोडते. शेजारणीच्या रिसेप्टरला तो लागला की ती त्याच्या दिशेने सरकते आणि तिच्यातलं ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम चालू होऊन तीही आणखी सायक्लिक एएमपी सोडते, असं करत लाट पुढे जाते, दर 6 मिनिटांच्या आसपास एक. पण रिसेप्टरला सिग्नल लागून राहिला की तो बधिर होतो आणि बाहेरचा माल साफ झाल्याशिवाय परत शुद्धीवर येत नाही. हे साफ करायचं काम फॉस्फोडायएस्टरेजचं, पेशी हे एन्झाइम स्वतःच बाहेर टाकतात. फळ्यावर लिहिणारे शंभर असले तरी पुसणारा नसेल तर थोड्या वेळाने कोणालाच काही वाचता येत नाही, तसलीच गत. जीवशास्त्रज्ञ जॉन बॉनरने 1947 मध्ये दाखवलं की पेशींना ओढणारं काहीतरी पाण्यातून वाहत येतं, ते सायक्लिक एएमपी आहे हे कळलं 1967 मध्ये, पण ते टिकत नाही, पेशीच ते मोडून टाकतात, हे 1950 च्या दशकातच लोकांच्या लक्षात आलं होतं. तरी आजही काही बिघडलं की सगळे आधी बोलणारा आणि ऐकणारा तपासतात.

मला पुसणाऱ्याचा संशय होता. त्यासाठी नॉर्मल पेशी फॉस्फेट बफरमध्ये उपाशी ठेवल्या, शेकरवर, 22 अंशांना, आणि पंपाने दर 6 मिनिटांनी सायक्लिक एएमपीचा थेंब. हे थेंब महत्त्वाचे, कारण त्यांनी फॉस्फोडायएस्टरेज वाढतं आणि पेशी त्याच एन्झाइमचं जे इन्हिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं, प्रोटीन सोडतात ते बंद होतं. नुसत्या उपाशी पेशींचा बफर घेतला तर एन्झाइमबरोबर त्याचा इन्हिबिटरही आला, मग लोक म्हणतात प्रयोग चालला नाही. पेशी काढून टाकल्या, बफर गाळला, छोटे रेणू निघून जावेत म्हणून रात्रभर डायलिसिसच्या पिशवीत ठेवला, नाहीतर रिव्ह्यूअर म्हणणार की तुमचा सायक्लिक एएमपीच काम करतोय. अर्धा भाग उकळून एन्झाइम मारून टाकलं, तो तुलनेसाठीचा कंट्रोल.

मग म्युटंट पेशी धुऊन पातळ आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, पसरल्या. आगर ओलसर हवा, पाणी साचलेलं नको, पाणी असेल तर पेशी तरंगतात आणि कोरडं असेल तर मरगळतात, हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नीट लिहिलेलं नसतं आणि नवीन मुलं याच पायरीवर आठवडे घालवतात. डार्कफील्ड मायक्रोस्कोपखाली टाइमलॅप्स लावला. चालणारी पेशी लांबुळकी होते, थांबलेली गोल, दोघींवरून प्रकाश वेगळा पसरतो म्हणून लाटा उजळ-काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना कळणं अवघड, फ्रेममधून फ्रेम वजा करावी लागते.

नुसत्या बफरची प्लेट, काही नाही. उकळलेल्याची, काही नाही. गाळलेल्या बफरच्या प्लेटवर आधी खरखर, मग एका कोपऱ्यात एक गोल पट्टी सुटली, तिच्यामागून दुसरी, आणि दुपारपर्यंत अख्ख्या फ्रेममध्ये चक्राकार लाटा. उलटी बाजूही करून ठेवली होती, नॉर्मल पेशींना डीटीटी हे रसायन दिलं, त्याने हे एन्झाइम दबतं, तर त्याही गपगार. सर आले, बघितलं, म्हणाले, "हं, इंटरेस्टिंग." सीक्वेन्सिंगचा रिपोर्ट नंतर आला, प्लास्मिड पीडीएसए जीनमध्येच, म्हणजे फॉस्फोडायएस्टरेजच्या जीनमध्ये.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इव्होल्यूशनवाल्या मित्राने विचारलं की मग हा फुकट्या आहे का, एन्झाइम दुसऱ्यांनी बनवायचं आणि हा आयता बीजाणूंमध्ये जाऊन बसणार? शक्य वाटलं. म्युटंटला हिरवा रंग, नॉर्मलला लाल, आणि दोन्ही मिसळून लावले. गोळा झाले एकत्र, पण ढीग झाल्यावर लाल पेशी आत सरकल्या आणि बऱ्याचशा हिरव्या कडेलाच राहिल्या. पुढे स्लगमध्ये हिरव्या दिसल्या त्या टोकाला, जिथून देठ होतो, आणि शेपटाकडे, बीजाणू होणाऱ्या भागात जवळपास नाहीतच. म्हणजे फुकट्या कसला, उलट मरणाऱ्यांच्या रांगेत पुढे.

हे नवीन नाही, 1997 मध्ये हा जीन मोडून असंच दिसल्याचं छापून आलंय, आणि थोडा बदललेला जीन परत घातला की पेशी पुन्हा बीजाणूंमध्ये येतात. माझं अडतंय ते असं की आजूबाजूला लाल पेशींचं एन्झाइम भरपूर असताना ढिगातच ते पुरत का नाही? याच जीनचं थोडं एन्झाइम बाहेर न जाता पेशीच्या स्वतःच्या पटलावर चिकटून राहतं, आणि मला वाटतं एवढ्या दाटीवाटीत स्वतःच्या अंगाभोवतीचं स्वतःलाच साफ करावं लागत असणार. सरांच्या मते हे जुनं काम आहे, यावर वेळ घालवू नका. पोस्टडॉक म्हणतो एन्झाइम कमी पडत असेल, आणखी घाल. तेही करून बघतेय, गाळलेला बफर कॉन्सन्ट्रेट करून वाढवत नेतेय, पण हिरव्या पेशी अजून तरी कडेलाच आहेत, आणि फक्त पटलावर चिकटणारं एन्झाइम बनवेल असा कन्स्ट्रक्ट, म्हणजे जुळवलेला डीएनए, क्लोनिंगमध्ये अडकलाय.