तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवता कधी?

“मॅडम, खेळ छानच असतात तुमचे. पण थिअरी शिकवता कधी?”

माझ्या पियानोच्या क्लासच्या दारात मुलांच्या चपला शोधता शोधता पालकांचा हा प्रश्न येतो. आजवर हसून वेळ मारून नेली. आज नाही.

पोळीचंच घ्या. सूर किती वेळ धरायचा त्याची चिन्हं असतात: सेमिब्रीव्ह चार मात्रांचा, मिनिम दोन, क्रॉचेट एक, हे सहा वर्षांच्या पोराला नुसतं फळ्यावर सांगून बघा. मी कागदाच्या पोळ्या कापते: अख्खी, अर्धी, चतकोर. ताटात एकच पोळी मावते. ती हवी तशी वाढायची आणि टाळीने वाजवायची. एकाने अख्खीवर चतकोर ठेवली तर शेजारची ओरडली, “ताटाबाहेर गेली ना!” बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक कप्पा, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि पट्टीचा खेळ. पांढरी एक, म्हणजे ‘सी’ची पट्टी, तिथपासून सारेगम सगळं पांढऱ्यांवरच वाजतं. मग मी म्हणते, आता पांढरी पाचपासून, म्हणजे ‘जी’पासून. पोर भरधाव निघतं, ‘नी’ला येऊन तोंड वाकडं करतं, चाचपडत काळी तीन शोधतं. एफ शार्प, म्हणजे ‘एफ’च्या अर्धा सूर वरचा. जी मेजरला, म्हणजे ‘जी’पासूनच्या सारेगमला, एक शार्प का, ते कानाला आधीच पटलेलं असतं. हे शिकवणं नाही?

इथवर माझी वकिली. आता फरशीचं सांगते.

हॉलच्या फरशीवर मी रंगीत टेपच्या पाच रेघा मारल्या होत्या, पुस्तकात सूर लिहितात तशा, ट्रेबल क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर, ते ठरवणारी खूण) धरून. “ए” म्हटलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमधल्या जागेत उडी. आठ वर्षांची एक मुलगी कायम पहिली. माझं अक्षर तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत ती जागेवर. तिचे व्हिडिओ मी इतर पालकांना दाखवलेत, हेही कबूल करते.

मग हॉल रंगवायला काढला, म्हणून टेप आतल्या खोलीत चिकटवली. त्या दिवशी तिची आई मुद्दाम थांबली होती, कौतुक बघायला. मी “ए” म्हटलं. बाकीचे पोचले. ती उभीच. मग अगदी खऱ्या अडचणीने म्हणाली, “ताई, इथे फुटकी फरशी कुठाय?”

हॉलमध्ये त्या जागी एका फरशीचा टवका उडालाय. तिच्यासाठी ‘ए’ म्हणजे तो टवका. सोफ्याचा पाय म्हणजे ‘ई’. मी पुस्तक समोर ठेवलं. पहिल्या ओळीतल्या आठ सुरांपैकी तिला दोन आले. मुलं हसली. आई हसली नाही. जाताना दारात एवढंच म्हणाली, “म्हणजे वर्षभर...” आणि सँडलचा पट्टा लावायला वाकली. तो लागेना. मी नुसती उभी राहिले.

पुढचे दोन महिने खेळ बंद. वही, फ्लॅशकार्डं, रेघांवरचे ई, जी, बी हे सूर लक्षात ठेवायची ‘एव्हरी गुड बॉय’ची घोकंपट्टी. माझ्या बाईंनी मला असंच शिकवलं होतं आणि मी शिकलेच की! पण खरं सांगू? आजही घाईत तिसरी रेघ दिसली की मी मनात ‘एव्हरी, गुड, बॉय’ म्हणत बी गाठते. मलाही फुटकी फरशीच मिळाली होती, फक्त इंग्रजीतली.

म्हणून खेळ परत आणले. आता टेप दर आठवड्याला जागा बदलते, आणि उडी मारली की तोच सूर लगेच पुस्तकात शोधायचा, मग पियानोवर. पुरेसं आहे का? पोळ्यांमध्ये कुणी कागदाच्या रंगावरून चतकोर ओळखत असेल, असं मनात आलं आणि परवा सगळ्या पांढऱ्या केल्या. दोघं रडवेली झाली.

ती मुलगी अजून येते. वाचन आजही सावकाश आहे. माझ्यामुळे की मुळातच, मला सांगता येत नाही. तिच्या आईने तो विषय परत काढला नाही, आणि मीही नाही.

गुरुवारी सहाला या. बसा, बघा, मध्येच उठून एखाद्याला पुस्तकातला सूर विचारा. फक्त व्हिडिओ काढू नका.