युनियन व्हॉट्सअ‍ॅपवर, मतपत्रिका टपालाने

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार भरपूर, आणि त्यातले बरेचसे गोदामांत कामाला. आमच्या गोदामात युनियन आहे. पण गोव्यात कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत गेट मीटिंग व्हायची, पाळी सुटताना भोंग्यावर भाषण आणि शेवटी सगळ्यांचे हात वर, तसे इथे काही नाही.

रोजचा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. ओव्हरटाइमचा वाद, पगारवाढीच्या बोलणीत कंपनी कितीवर आली, सगळे तिथेच कळते. आमचा शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामावरचा युनियनचा प्रतिनिधी, डिचोलीचा. युनियनच्या लांबलचक इंग्रजी मजकुराखाली तो आपल्या भाषेत दोन ओळी टाकतो. बहुतेक जण तेवढ्याच वाचतात.

संपाचा कौल मात्र फोनवर घेतला नाही. 2023 मध्ये आमच्याकडे मतदान झाले ते ब्रिटनच्या 1992 च्या कामगार संघटना कायद्याप्रमाणे, टपालाने. मतपत्रिका घरी येते, खूण करून परत टपालात टाकायची. टपालखर्च आपल्याला पडत नाही. मोजणीही युनियन करत नाही, बाहेरची स्वतंत्र संस्था करते. वर तेव्हा 2016 च्या कायद्याची अट होती: निम्म्या सभासदांनी तरी मत द्यायलाच हवे, नाहीतर सगळे मुसळ केरात.

आणि इथेच घोळ. आमची माणसे खोल्या सारखी बदलतात. आम्ही राहतो त्या घरात दाराजवळच्या हीटरवर पाकिटांचा ढीग असतो: गावस, परब, फर्नांडिस, कधीच सोडून गेलेल्यांची नावे. त्यात युनियनचीही पाकिटे. म्हणून मतदान जवळ आले की स्टुअर्ड चहाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर फिरतो आणि संपाबद्दल चकार शब्द न काढता एकच विचारतो, "पत्ता बदललास काय रे?"

मला ही पद्धत पटते. गेटवर हात वर करताना केबिनमधून साहेब बघत असतो. घरात एकट्याचाच पगार असला की हात जड होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसला धाक नाही. पण गेटवर चार माणसांत जो जोर चढतो, तो पाकिटात कुठून येणार?

मतपत्रिका दुसऱ्या पत्त्यावर हवी असेल तर तसे लेखी कळवता येते. त्यामुळे खोल्या बदलणाऱ्या काहींनी इथे स्वतःचे घर घेतलेल्या एका मावशीचा पत्ता देऊन ठेवला आहे. पाकिटे वाटून वाटून मावशी वैतागली आहे, आणि ती तर युनियनची सभासदही नाही.