टप उघडंच ठेवलंय

रविवार, रात्री साडेदहा

करमाळ्याच्या बाजूने, उजनीच्या काठावरून संध्याकाळी घरी आलो आणि हातपाय धुवायच्या आधी कॅम्परचं, म्हणजे पिकअपवर बसवलेल्या झोपायच्या खोलीचं, कापडी भिंतींचं मिटणारं टप वर उचललं, कारण पहाटे दव एवढं पडलं होतं की कॅनव्हासला बोट लावलं की पाणी मनगटापर्यंत ओघळायचं, आणि निघायची घाई म्हणून तसंच ओलं मिटवावं लागलं. सप्टेंबरात असंच दोन दिवस मिटलेलं राहिलं तर शिलाईच्या कडेने काळे ठिपके धरले, ते अजून गेले नाहीत. वास तर चादरींना पण लागला होता.

कॅम्पर बनवून घेताना आई म्हणली होती, कापडाचं काय करतोस रे, पिकअपवर पक्की खोलीच बसव की. पण पक्की खोली म्हणजे उंची आणि वजन, आणि हैदराबाद रोडला आडवा वारा सुटला की उंच गाडी कशी हलते ते मी बघितलंय. हे टप मिटलं की केबिनपेक्षा जेमतेम वीतभर वर राहतं, गल्लीतल्या वायरींची पण भीती नाही. वजनाचं मात्र मी फार मनावर घेतलं. गाडीचं एकूण परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, तेवढंच आपल्याला मिळतं आणि त्यातच माणसं, गादी, गॅस, 40 लिटर पाणी म्हणजे सरळ 40 किलो, सगळं बसवायचं. मिस्त्री लोखंडी अँगल घालू म्हणत होता, मी ॲल्युमिनियमवरच अडून बसलो, काम झाल्यावर सगळं सामान भरून गाडी काट्यावर नेली आणि पावती बघितल्यावरच जिवाला बरं वाटलं. गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी आधीच काढलेली, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे त्याला, ते टाळू नये कुणी.

कापडाचं खरं सुख मे महिन्यात कळलं. चारी बाजूच्या खिडक्या गुंडाळल्या, नुसती जाळी ठेवली, की लहानपणी गच्चीवर अंथरुणं टाकून झोपायचो अगदी तसं वाटतं, पहाटेचं वारं सरळ अंगावर. पत्र्याच्या खोलीत सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जमलंच नसतं. थंडीत उलटं, कापडातून गारवा आत येतो, मग दोन चादरी एकावर एक घ्याव्या लागतात, काल रात्री आईने तिसरी पण ओढली. सकाळी उठून म्हणली, झोप मात्र छान लागली रे.

आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. तीन बाजू सुकल्या, ड्रायव्हरकडचा मागचा कोपरा अजून गार लागतोय, तिथं टेबल फॅन लावून आलोय.