तुम्ही विचारलंत म्हणून: मुलंच ठरवणार, तर शिक्षक कशाला?

पालकसभा असो वा शिक्षकांची बैठक, प्रश्न ठरलेला: ‘वर्गात सगळं मुलंच ठरवणार, मग तुम्ही करता काय?’ इतकी वर्षं मी चिडून उत्तर दिलं. यावेळी काही लपवत नाही.

सातवीच्या वर्गाने पाण्याच्या वापराची पाहणी केली होती. तीन आठवडे नळाखाली मापं लावून नोंदी घेतल्या त्या एका मुलाने. तो बोलताना अडखळायचा. पाहणी इतर वर्गांपुढे कुणी मांडायची, हे वर्गसभेत मताला टाकलं. ‘त्याने बोलू नये’ म्हणणारे हात भराभर वर गेले. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच स्वतःचाही हात वर केला.

तो हात मी मोजला. खडूने आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, ‘बहुमताचा निर्णय.’ त्याने नोंदवही दुसऱ्याच्या बाकावर ठेवली. त्यानंतर वर्षभर तो वर्गसभेत बोलला नाही.

लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नव्हे, ती आधी एकत्र जगण्याची रीत आहे, असं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 1916 साली लिहिलं. हे मी प्रशिक्षणांत कितीदा सांगितलं असेल! त्यांनीच 1938 मध्ये प्रागतिक, म्हणजे घोकंपट्टीऐवजी मुलांच्या अनुभवावर भर देणाऱ्या, शाळांना बजावलं होतं की जुनं नाकारलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असंही नाही. ते मी वाचलं होतं, पण स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

म्हणून छडी आणि घोकंपट्टीकडे परत जा, असं मात्र मला सांगू नका. अमेरिकेत 1930 च्या दशकात तीसेक शाळांना नव्या पद्धतीने शिकवता यावं म्हणून कॉलेजप्रवेशाच्या ठरीव अटींतून मोकळीक मिळाली. आठ वर्षांच्या त्या अभ्यासात तिथली मुलं कॉलेजात इतरांच्या मागे पडली नाहीत, उलट थोडी सरसच ठरली. मुलं शिकतात. पण तो वर गेलेला हात कुठल्या गुणपत्रिकेत दिसणार?

आता मत घेण्याआधी मी विचारते, ‘याची झळ कुणाला लागेल?’ काही गोष्टी मताला टाकतच नाही. तेव्हाची मी यावर भांडली असती: कुठल्या गोष्टी, हे तू एकटीने कसं ठरवलंस? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. परवा एका मुलीनेही नेमकं तेच विचारलं, ‘ताई, हे कोण ठरवतं?’ शुक्रवारच्या वर्गसभेत तो विषय पहिला घेतलाय.